माळ कोलमडतो तेव्हा नकाशा हिरवा होतो

महाराष्ट्रातील परिसंस्थांची जोखीम मोजणाऱ्या शास्त्रज्ञांस, आणि त्यांच्या अहवालांवर निर्णय घेणाऱ्या वन, महसूल व नियोजन विभागांतील अधिकाऱ्यांस,



डिसेंबर 2022 मध्ये कुनमिंग-मॉन्ट्रियल जागतिक जैवविविधता आराखडा मंजूर झाला आणि भारतानेही तो स्वीकारला. त्यातली प्रगती मोजण्यासाठी जे मुख्य निर्देशक ठरले, त्यांत परिसंस्थांची लाल यादी हा एक आहे. म्हणजे आपल्याकडच्या कोणत्या परिसंस्था कोलमडण्याच्या बेतात आहेत, हे आज ना उद्या तुम्हाला कागदावर मांडावेच लागणार. ते काम पुढे सरकण्याआधी, पश्चिम महाराष्ट्राच्या माळांवर आणि कोकणच्या कातळी सड्यांवर गवतांच्या नोंदी करत हिंडणाऱ्या एका माणसाचे म्हणणे तुम्ही ऐकावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. त्यात तक्रारी आहेत आणि मागण्याही आहेत. तुमच्या कामाचे मोल मी जाणतो, म्हणूनच त्या तुमच्यापुढे ठेवतो आहे.

ज्या वाचकांना ही यादी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. वाघ, गिधाड, माळढोक ज्या लाल यादीत आहेत ती प्रजातींची यादी सर्वांच्या परिचयाची आहे. परिसंस्थांची यादी तिच्याच धर्तीवर, पण बरीच अलीकडची. डेव्हिड कीथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये तिचा शास्त्रीय पाया मांडला आणि 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) तिचे निकष स्वीकारले. निकष पाच आहेत. परिसंस्थेचा विस्तार किती घटला, ती मुळातच किती थोड्या जागेत आहे, तिथली माती-पाणी किती बिघडले, जीवाजीवांमधले व्यवहार किती विस्कटले, आणि या साऱ्याचे गणित मांडल्यावर कोलमडण्याची शक्यता किती निघते. यांपैकी ज्या निकषावर सर्वांत वाईट निकाल येईल, तोच त्या परिसंस्थेचा दर्जा. पन्नास वर्षांत 30 टक्के विस्तार गेला तर ती असुरक्षित, 50 टक्के गेला तर संकटग्रस्त आणि 80 टक्के गेला तर अतिसंकटग्रस्त. प्रजातीच्या बाबतीत शेवटची पायरी नामशेष होण्याची, परिसंस्थेच्या बाबतीत कोलमडण्याची. कोलमडलेल्या जागी जमीन असतेच, तिच्यावर काहीबाही उगवतही असते. पण तिला तिची ओळख देणारे जीव आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते तिथे उरलेले नसते.

ही पद्धत मला मनापासून पटते. तिच्यात एक अट आहे आणि माझे सारे पत्र त्या अटीभोवती आहे. मूल्यमापन करणाऱ्याने, अमुक परिसंस्था कोलमडली म्हणजे ती नेमकी कशी दिसेल, हे आकडेमोडीआधी लिहून द्यायचे असते. जंगलाच्या बाबतीत हे लिहिणे सोपे आहे. झाडे गेली, छत्र विरळ झाले, जंगल गेले. माळाच्या बाबतीत मात्र आपल्या हाताशी असलेली सगळी सरकारी मोजमापे उलटी चालतात.

सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, सातारा या पट्ट्यातल्या एखाद्या मुरमाड माळावर, जिथे पाणलोटाचे आणि वृक्षलागवडीचे काम झाले आहे तिथे, जाऊन पाहा. यंत्राने समतल चर खणलेले असतात. पवन्याचे, डोंगरीचे ठोंब मुळांसकट उपटले जातात, त्यांच्यावर मुरूम पडतो आणि त्या मुरमाच्या बांधावर ओळीने गिरीपुष्प लावलेले असते. या गवतांना भरपूर ऊन लागते. रोपे मोठी झाली की सावलीत ती विरळ होतात. उकरलेल्या मातीत गाजरगवत येते, मागोमाग घाणेरी येते. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, कारण चहूबाजूंनी लांबवरचे दिसणे हेच त्यांचे संरक्षण. झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की त्या जागेचा त्यांना उपयोग उरत नाही. काळवीटही आडोशाच्या जागा टाळते. माझ्या लेखी तो माळ तिथे संपला.

आता हीच जागा उपग्रहाच्या चित्रात पाहा. पूर्वी वर्षातले आठ महिने पिवळी-तपकिरी दिसणारी जमीन बाराही महिने हिरवी दिसू लागते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येनुसार एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर 10 टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असेल तर ते वनाच्छादन, मग जमीन कोणाचीही असो आणि झाडे कोणत्याही जातीची असोत. म्हणजे माळ कोलमडला त्याच वर्षी राज्याच्या खात्यात वनाची वाढ जमा होते. एकाच घटनेची एका वहीत वाढ आणि दुसऱ्या वहीत मृत्यू अशी नोंद व्हायला हवी होती. ती दुसरी वही आपण अजून उघडलेलीच नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत कळकळीची मागणी ही आहे. माळ, झाडीमाळ आणि सडा यांच्या कोलमडण्याची व्याख्या त्यांच्या स्वतःच्या लक्षणांवरून लिहा. वृक्षछत्र अमुक टक्क्यांच्या वर गेले, बहुवर्षायू गवतांचे प्रमाण अमुकच्या खाली आले, जमिनीवर घरटी करणारे पक्षी नाहीसे झाले, तर माळ कोलमडला असे स्पष्ट शब्दांत लिहा. हे आकडे काय असावेत यावर वाद होऊ द्या, तो वाद हवाच आहे. पण हिरवेपणाचा निर्देशांक जसाच्या तसा घेऊन माळाची तब्येत मोजू नका.

यावर एक जुना आक्षेप ठरलेला असतो. माळ म्हणजे तोडलेले जंगल, तेव्हा तिथे झाडे लावली तर आपण मूळचेच परत आणतो. हे आपल्याकडे इतकी वर्षे शिकवले गेले की वनाधिकाऱ्यापासून शाळामास्तरापर्यंत कोणालाही त्यात शंका वाटत नाही. पुरावा मात्र वेगळे सांगतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या ओव्या-कथा चाळून, कोणत्या गावच्या उल्लेखात कोणती झाडे येतात हे नकाशावर मांडले. हिवर, बाभूळ अशी उघड्या, गवताळ मुलखाची झाडे तिथे वारंवार भेटतात. इंग्रजांनी रेल्वेसाठी लाकूड तोडायला सुरुवात करण्याच्या कितीतरी शतके आधीची ही साक्ष आहे. वनस्पतींची साक्षही तेच सांगते. नेर्लेकर आणि इतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2022 मध्ये भारतीय सॅव्हानांत, म्हणजे माळ-झाडीमाळांत, आणि फक्त तिथेच, आढळणाऱ्या 206 वनस्पतींची यादी दिली. त्यातल्या 43 टक्के वनस्पतींची शास्त्राला ओळख गेल्या दोन दशकांत झाली. चारशे-पाचशे वर्षांच्या जंगलतोडीतून एवढ्या प्रदेशनिष्ठ जाती तयार होत नाहीत. त्यांना लाखो वर्षे लागतात. लाल यादीच्या एका उपनिकषात 1750 च्या सुमारापासूनची घट मोजायची असते. ती मोजताना 1750 सालच्या दख्खनवर सरसकट पानझडी जंगल रंगवू नका, एवढीच विनंती.

दुसरी तक्रार पडीक जमिनींच्या नकाशांची. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आणि भूसंसाधन विभाग मिळून हे नकाशे तयार करतात. 2019 च्या आवृत्तीप्रमाणे देशात 5 कोटी 57 लाख हेक्टरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ 17 टक्के जमीन पडीक आहे. झुडपी जमीन, खडकाळ जमीन, चराऊ कुरणे हे सगळे प्रकार त्यात येतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी भारतातल्या निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा काढला तेव्हा त्यांचा विस्तार सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर, देशाच्या दहा टक्के निघाला, आणि त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत होता. हे दोन नकाशे एकावर एक ठेवा. जी जमीन एका नकाशात परिसंस्था आहे, तीच दुसऱ्यात वापराविना पडून राहिलेला तुकडा आहे. तुम्ही जोखीम मोजणार पहिल्या नकाशावरून, आणि जमिनीचे वाटप होणार दुसऱ्यावरून. दोन्ही कामे सरकारचीच, तेव्हा ही गाठ सोडवणे कोणा तिसऱ्याच्या हातात नाही.

'गवताळ प्रदेश' असा एकच डबा करून मोकळे होऊ नका, ही पुढची मागणी. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्येच भारताच्या गवती आवरणाचे पाच मोठे प्रकार सांगितले होते आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यातल्या पवना-मारवेल गवतांच्या प्रकारात बसवला होता. ते काम त्या काळाच्या मानाने थोर होते. पण त्या एका प्रकाराच्या पोटात सोलापूरचा उथळ मुरमाड माळ आहे, काळ्या मातीतली मारवेलची कुरणे आहेत, हिवर-बाभळीचा झाडीमाळ आहे. काळ्या मातीतली कुरणे नांगराखाली केव्हाच गेली, कारण तिथे ज्वारी येते आणि आता पाणी पोचले की ऊसही येतो. मुरमाड माळ त्यामानाने टिकला. सगळे एकत्र मोजले तर या टिकलेल्याच्या आधाराने सरासरी बरी येईल, आणि जे जवळजवळ संपले ते सरासरीत बुडून जाईल. जोखीम मोजण्याआधी प्रकार नीट वेगळे करणे ही माझ्या मते अर्धी लढाई आहे.

सड्यांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे फार थोडे आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे मे महिन्यात काळे-तांबडे, भाजलेले दिसतात. सातबाऱ्यावर त्यांची नोंद बहुधा वरकस किंवा पोटखराब. पहिले दोन-तीन पाऊस झाले की कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी साठते आणि त्या बोटभर पाण्यात, चिमूटभर मातीत एक वेगळे जग उगवते. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या कीटकभक्षी वनस्पती इथे वाढतात, कारण या मातीत नत्र फार थोडे असते. पावसाच्या सुरुवातीला कोकण दीपकाडी फुलते, ती या पट्ट्याबाहेर जवळजवळ कुठेच नाही. दिवाळीपर्यंत सगळे सुकून जाते आणि बिया कातळाच्या भेगांत पुढच्या पावसाची वाट पाहतात. याच कातळांवर कोरलेली कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. शिल्पांना त्यामुळे थोडेफार रखवालदार मिळाले. ज्या सड्यावर ती कोरली आहेत तो सडा मात्र कोणत्याच यादीत नाही.

हे सडे दोन मार्गांनी जातात. एक चिरेखाणीचा, तो सर्वांना दिसतो. दुसरा कलमांच्या बागेचा. कातळात सुरुंग लावून खड्डे घ्यायचे, बाहेरून ट्रकने माती आणून भरायची आणि हापूस लावायचा. बागायतदाराला मी दोष देत नाही, कोकणात जमीन थोडी आणि पोटे अनेक आहेत. पण उपग्रहातून पाहिले तर ही बाग वनाच्छादनात जाते आणि सडा कोलमडल्याची नोंद कुठेच होत नाही. लाल यादीचा दुसरा निकष, मर्यादित विस्ताराचा, अशाच परिसंस्थांसाठी आहे. दहा-दहा किलोमीटरच्या चौकटी आखून, त्यातल्या किती चौकटींत ती परिसंस्था आहे हे मोजायचे असते. पन्नास किंवा त्याहून कमी चौकटी आणि घट सुरूच असेल, तर ती किमान असुरक्षित ठरते. कोकणातले सखल सडे आणि कासच्या उंचीवरचे सडे वेगळे धरून ही मोजणी करावी. कासला 2012 पासून जागतिक वारशाचे कवच आहे. खालच्या सड्यांना तसे काही नाही, आणि एकत्र मोजले तर कासच्या नावावर तेही सुरक्षित दिसतील.

विस्तार तसाच राहूनही परिसंस्था आतून बदलते, याचा नमुना आपल्या साताऱ्यातच आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये तिथला अभ्यास प्रसिद्ध केला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यांचे भक्ष्य असलेले पंखगळ्याचे सरडे तिथे वाढले, आणि शिकाऱ्याची भीतीही त्यांना कमी वाटू लागली. पठाराचे क्षेत्रफळ नकाशावर होते तेवढेच राहिले. शिकारी आणि भक्ष्य यांच्यातला व्यवहार मात्र बदलला. चौथ्या निकषाला हीच गोष्ट हवी असते आणि ती उपग्रहातून दिसत नाही. त्यासाठी माणसाला माळावर उभे राहून मोजावे लागते. अशा कामाला पैसा आणि माणसे द्या.

माळढोकाचा अनुभव आपल्या सगळ्यांपुढे आहे. 1979 मध्ये सोलापूर-अहिल्यानगरात त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले ते 8,496 चौरस किलोमीटरांचे. त्यात शहरे, गावे, शेते सगळे आले, लोकांचे व्यवहार अडले, रोष वाढला, आणि पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. पक्षी तोवर हातचा जाऊ लागला होता. आज त्या अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर तो दिसणे हीच बातमी होते. एका पक्ष्याच्या नावाने अवाढव्य रेघ ओढली, पण माळ कुठे आहे, कुठला तुकडा शाबूत आहे, कुठे नांगर फिरला आहे, याचा परिसंस्थेच्या अंगाने हिशेब आधी मांडला नव्हता. तो मांडला असता तर कदाचित लहान, पण नेमके क्षेत्र लोकांच्या संमतीने राखता आले असते. एखादी ठळक प्रजाती संपायला आली की मग माळाकडे बघायचे, ही सवय या यादीने मोडावी अशी माझी अपेक्षा आहे. रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरांचे आणि सुप्याचे मयूरेश्वर 5.14 चौरस किलोमीटरांचे. ज्या लांडग्याला एका रात्रीत कितीतरी मैल तुडवायचे असतात, तो अशा तुकड्यांच्या भरवशावर जगू शकत नाही.

धनगरांच्या मेंढ्या माळाच्या शत्रू आहेत असे गृहीत धरून चराईला सरसकट धोक्याच्या रकान्यात टाकू नका. चराई आणि अधूनमधूनची आग यांच्यासोबतच ही गवते घडली आहेत. पूर्णपणे कुंपण घातलेल्या जागी काही वर्षांत वाळके गवत साचते आणि झुडपे वाढतात. अति चराईने कुसळी आणि वार्षिक गवते माजतात, हेही खरे. यातली रेषा कुठे आहे हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे, त्यांचे म्हणणे पुराव्यात धरा. कोणत्या माळावर पन्नास वर्षांपूर्वी मेंढ्यांचा वाडा बसायचा, मारवेल कुठे गुडघ्याएवढे व्हायचे, पाझर कधी आटला, हे दिवाळीनंतर कोकणात उतरणारा मेंढपाळ गावागणिक सांगू शकतो. त्याला जोड द्यायला साठच्या दशकातली, आता खुली झालेली अमेरिकी 'कोरोना' उपग्रहांची चित्रे आहेत, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे आहेत, तहसिलात गायरानांच्या नोंदी आहेत. पन्नास वर्षांमागची माहितीच नाही, असे म्हणून कोणतीही परिसंस्था 'अपुरी माहिती' या रकान्यात ढकलू नये. त्या रकान्यात गेलेली जमीन जमीनवाटपाच्या बैठकीत मोकळी जमीन म्हणूनच वाचली जाते.

आता अधिकाऱ्यांना. 2016 ते 2019 या काळात राज्याने दोन कोटींपासून तेहतीस कोटींपर्यंत वृक्षलागवडीची उद्दिष्टे ठेवली. केंद्राच्या ग्रीन क्रेडिट योजनेच्या फेब्रुवारी 2024 मधील कार्यपद्धतीत हेक्टरी किमान 1,100 झाडांची अट होती, आणि लागवडीसाठी झुडपी व पडीक जमिनी पात्र होत्या. हेक्टरी 1,100 झाडे लागल्यावर माळ उरत नाही. सौर ऊर्जा हवीच आहे, शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. पण सौर प्रकल्पांना 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली पूर्वमंजुरी लागत नाही, आणि जागा शोधताना नजर पहिल्यांदा गायरानाकडे जाते. तेव्हा यादी तयार झाली की तिचा पहिला उपयोग इथे करा. जो माळ असुरक्षित किंवा त्याहून गंभीर दर्जाचा ठरेल, तो वृक्षलागवडीच्या आणि सौर जागांच्या यादीतून काढून टाका.

हे होऊ शकत नाही असे कोणी म्हणेल, म्हणून दोन देशांची नावे सांगतो. दक्षिण आफ्रिकेने धोक्यातल्या भूपरिसंस्थांची यादी 2011 मध्ये राजपत्रात प्रसिद्ध केली आणि 2022 मध्ये ती सुधारली. त्या परिसंस्थांतली वनस्पती साफ करायची तर तिथे पर्यावरणीय मंजुरीचा प्रश्न उभा राहतो. आपल्या शेजारच्या म्यानमारने 2020 पर्यंत 64 भूपरिसंस्थांचे मूल्यमापन पूर्ण केले. त्यातल्या 29 धोक्यात निघाल्या आणि एक कोलमडलेली ठरली, मध्य इरावतीच्या खोऱ्यातला ताडांचा सॅव्हाना. शेजारच्या देशाच्या यादीत कोलमडलेली म्हणून नोंदलेली एकमेव परिसंस्था सॅव्हाना आहे, हे मला तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

शेवटची मागणी कामाच्या रीतीची. मूल्यमापनाचा मसुदा मराठीत काढा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, कायद्याने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तुमचे नकाशे त्या समित्यांपर्यंत गावाच्या गट क्रमांकांसह पोचवा आणि हरकती मागवा. नान्नजच्या वेळी जे झाले नाही ते या वेळी आधी करा. आणि पहिल्या टप्प्यात सगळा महाराष्ट्र घेण्याचा आग्रह नको. सोलापूर-अहिल्यानगरचा मुरमाड माळ आणि रत्नागिरीचे सखल सडे, एवढ्या दोनच परिसंस्था पाचही निकषांवर पूर्ण मोजा. येत्या पावसाळ्यात सड्यांवरच्या मोजणीसाठी आणि पावसाळा सरताना माळावरच्या गवतांची ओळख पटवण्यासाठी आमच्यासारखे पुष्कळ जण स्वतःच्या खर्चाने यायला तयार आहेत. कधी आणि कुठे यायचे, तेवढे कळवा.



आपला,
माळरानांचा एक अभ्यासक